येल्काची डावी बाही

सावा रादाक चालण्याला विटला होता. तीस वर्षं तिमोक नदीच्या खोऱ्यातून गावोगाव हिंडून त्यानं चार जाडजूड प्रवासग्रंथ लिहिले, त्यांतली चित्रंही स्वतःच काढली. पदरात काय पडलं, तर धरलेले गुडघे आणि दर सराईतल्या ढेकणांशी जुनी ओळख. पाचव्या ग्रंथासाठी पुन्हा निघाला खरा, पण जीव कशातच नव्हता. एकच अभिमान उरला होता: जे दिसलं तेच काढलं, मनाचं काही घातलं नाही.

खेचरावरून उतरून तो सराईच्या बाकावर टेकतो न टेकतो, तोच एक म्हातारी समोर येऊन उभी राहिली.

"मी स्तोयांका. पाद्रीबाबा म्हणाले, माझी लेक येल्का तुमच्या पुस्तकात आहे. दाखवा."

"अक्का, जरा पाठ तरी टेकू द्या."

"सत्तरीची बाई मी, डोंगर उतरून पायी आले. तुम्ही तर खेचरावर बसून आलात!"

सावानं निमूटपणे थैलीतून ग्रंथ काढला. बावीस वर्षांपूर्वी रेखाटलेली नवरी होती ती; चित्राखाली गावासकट नाव छापलेलं होतं. लग्नानंतर वर्षभरात ती तापानं गेली, हे त्याला आत्ता म्हातारीकडून कळलं.

तो ओशाळून म्हणाला, "चेहरा छापखान्याच्या ठसेवाल्यानं लाकडी ठशात कोरलाय. तो सगळ्या नवरीमुलींना एकच चेहरा लावतो. कपडे मात्र टाक्यान् टाका खरे."

"चेहऱ्याचं जाऊ द्या, तो मला पाठ आहे. तिनं फुलं भरलेली बाही तेवढी तिच्याबरोबर मातीत गेली, ती बघायचीय."

तिनं बोट लावून फुलं मोजली. मग पुस्तक सरळ बाजूला सारलं.

"ही माझी नव्हे. डाव्या बाहीवर पाचच फुलं होती. सहावं उद्या भरते म्हणायची, लग्न उभं राहिलं तरी उद्याच! त्या एका फुलावरून मी तिला काय काय बोलले, भाऊ. सासरी आमचं नाव घालवशील म्हटलं."

सावा चिडला. मूळ चित्रं ठसेवाल्याकडेच राहिली होती, पण नव्या ग्रंथासाठी ताडून बघायला आणलेली त्या वर्षीची रोजनिशी थैलीत होती. पानं उलटता उलटता तो थांबला.

"काय लिहिलंय?" स्तोयांकानं विचारलं.

तिला वाचता येत नव्हतं. ठसेवाल्यावर ढकललं असतं तर कुणाला कळणार होतं? पण आता खोटं बोलायचाही त्याला कंटाळा आला होता.

"'डाव्या बाहीवर सहावं फूल राहिलंय. घरी गेल्यावर पूर्ण करणे.' फूल मीच घातलं, अक्का. बरं दिसावं म्हणून."

त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं पेन्सिलीला टोक काढायचा चाकू घेतला आणि ते फूल हलक्या हातानं खरवडून काढलं. मग पान कापून तिला दिलं.

स्तोयांकानं त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"आळशी कुठली," ती म्हणाली आणि पान उराशी धरून रडायला लागली.