झरीतली दोन मिनिटं

जर्सीत नऊ बाटल्या खुपसून शुक्रा टीमच्या गाडीपासून पुढे घोळक्याकडे पायडल मारत होता, सगळ्या भरलेल्या, सात पाठीवर, दोन तर पुढे छातीला चिकटलेल्या, बर्फासारख्या थंड, आणि तेवढ्यात कानातल्या रेडिओत जिग्नेश बोलला, "शुक्रा, झरी सात किलोमीटर. लक्षात आहे ना? बॅनरसमोर उतरायचं. छाती कॅमेऱ्याकडे. झिप वरपर्यंत, कंपनीचं नाव दुमडायला नको."

"हो."

"आणि आईच्या पाया पडताना घाई नको. तीन सेकंद खाली राहायचं."

आता आईच्या पाया कसं पडायचं तेही हा शिकवणार. शुक्राने दात आवळले. दुसरा दिवस असता तर एक बाटली मागच्या गाडीच्या काचेवरच गेली असती. पण आज नाही. आज सायकल रेस झरीतून जाणार होती, आणि झरी त्याचं गाव.

शुक्रा एकतीस वर्षांचा, आणि आठ वर्षं मेघश्याम टाक्यांच्या टीममध्ये. मेघश्याम म्हणजे त्या छपरावरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या. टीममधली पोरं शुक्रालाच टाकी म्हणायची, कारण सगळ्यांचं पाणी तोच वाहायचा. पाणी वाहायचं आणि वारा झेलायचा, बस. उमेश, म्हणजे टीमचा हिरो, त्याच्या मागच्या चाकाला चिकटून शंभर किलोमीटर निवांत बसणार, शुक्रा समोरचा सगळा वारा छातीवर घेणार, आणि शेवटचे दहा किलोमीटर राहिले, कॅमेरे आले, की शुक्रा बाजूला आणि उमेश पुढे. दर रेसनंतर आईचा फोन यायचा, "मोबाइलवर बघितलं. तू दिसला नाय."

"मी पुढेच होतो, आये."

"मग दिसला का नाय?"



आणि जिग्नेश होता कंपनीचा माणूस. कोणाच्या छातीवरचं नाव टीव्हीवर किती वेळ दिसलं, कोणाचे फॅन किती, सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये. परवा नाश्त्याला त्याने लॅपटॉप फिरवून शुक्रासमोर ठेवला. उमेश, वर्षभरात साडेतीन तास. शुक्रा, अकरा सेकंद. त्यातले चार घाटात पडला तेव्हाचे.

"कंपनी मला विचारते बॉस, हा कोण? याचा एक फॅन दाखव. मी काय दाखवू?" जिग्नेश म्हणाला. "पण झरीत तुझी स्टोरी आहे. आदिवासी आई, झोपडी, मुलगा सायकलवर. फॅन रडले पाहिजेत. हे जमलं तर पुढचं वर्ष पक्कं, नाहीतर मी काही करू शकत नाही."

शुक्राला झोपडीबिपडी काही कळलं नाही. तो हो म्हणाला, कारण त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. एकदा, फक्त एकदा, आईने त्याला सगळ्यांच्या पुढे बघायचं.

आणि त्याची सोय होती! सायकलवाल्यांत एक जुनी रीत आहे. रेस कोणाच्या गावातून गेली की बाकीचे सगळे हळू होतात आणि त्याला पुढे सोडतात. तो जातो, घरच्यांना भेटतो, घोटभर पाणी पितो. त्या दोन मिनिटांत कोणी जोर लावून पुढे निसटत नाही. भांडणं असतील, दुश्मनी असेल, पण तेव्हा नाही. आठ वर्षं शुक्रा दुसऱ्यांच्या गावांत हळू झाला होता.

तलासरी मागे पडली. ताडाची झाडं सुरू झाली. तो बाटल्या वाटायला घोळक्यात शिरला, तर दुसऱ्याच टीमच्या एकाने त्याच्या पाठीवर थाप मारली, "पाणी राहू दे रे टाकी, घरी जाऊन ये." आणि घोळका उघडला. शंभर सायकली डावीउजवीकडे झाल्या, मधून वाट. शुक्रा पुढे निघाला आणि समोर कोणी नाही. कोणाची पाठ नाही, कोणाचं चाक नाही, नुसता काळा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना त्याचंच गाव ओरडतंय.

शाळेच्या पुढे बॅनर दिसला. बॅनरखाली पुठ्ठ्याची झोपडी, तिच्यावर पांढरी चित्रं काढलेली, बाजूला तारपा, ते लांब भोपळ्याचं वाद्य, धरून दोन माणसं उभी केलेली. झोपडीसमोर बाजेवर एक बाई, नवंकोरं लाल लुगडं, गळाभर चांदी, मान खाली. शुक्राने ब्रेक मारला. बाईने तोंड वर केलं.

"रूपी मावशी?"

"माला काय विचारतोस," रूपी म्हणाली. चार घरं सोडून राहणारी ती. "सकाळी आले आणि बसवलं. लुगडं ठेव म्हणाले, चांदी परत घेणारेत."

"आय कुठंय?"

रूपीने हनुवटी उचलून दाखवलं. बॅनरपासून दहा पावलांवर दोरी बांधलेली होती आणि दोरीमागे निळे ॲप्रन घातलेल्या तेरा-चौदा बाया उन्हात उभ्या होत्या. उंबरगावच्या पेनाच्या कंपनीत टोपणं बसवणाऱ्या बाया, अर्धा दिवस बुडवून आलेल्या. त्यांच्या मध्ये रखमी, त्याची आई. गळ्यात कंपनीचं कार्ड, हातात रिकामी पिशवी.

कानात जिग्नेश सुरू झाला, "थांब, थांब, तिथेच. आता खाली वाक."

शुक्रा सायकल हातात धरून दोरीपर्यंत चालत गेला. त्या बुटांनी धड चालताही येत नाही, खटखट वाजतात.

"आये, तू इथं का?"

"पास नाय माझ्याकडे."

"कसला पास? तू आय आहेस ना माझी?"

"मी पण तेच बोलले." रखमी हसायला गेली पण तिला हसता आलं नाही. "टाकीवाल्यांचा तो पोरगा घरी आला होता. पक्कं घर बघितलं, वर डिश बघितली, माझा ॲप्रन बघितला. जुने कपडे नाय का, विचारलं. मी म्हटलं, जाळले. मग म्हणाला, मावशी, तुम्ही आईसारख्या दिसत नाय."

शेजारची तानी म्हणाली, "दोन तास झाले उभ्या आहोत. पाणी पण पासवाल्यांनाच."

शुक्राच्या डोक्यात असं काही पेटलं ना, की त्याला ऐकूच येईना. पुठ्ठ्याची झोपडी लाथेने पाडावी, लॅपटॉप जिग्नेशच्या डोक्यात घालावा, काय काय आलं मनात. आणि हात मात्र त्याचे, आठ वर्षांच्या सवयीने, पाठीकडे गेले. त्याने पहिली बाटली काढली. आईला दिली. दुसरी तानीला. मग तिसरी, चौथी, तो काढत गेला आणि देत गेला. छातीतल्या दोन्ही काढल्या. नऊच्या नऊ. बाया एकमेकींना देऊन प्यायल्या.

"पुढे होतास," रखमी तोंड पुसत म्हणाली. "बघितलं मी. कोणीच नव्हतं तुझ्यापुढे."

घोळका आला होता. पण रीत पाळून, हळूहळू, कोणी जोर लावत नव्हतं. दोघातिघांनी रखमीला हात केला. तेवढ्यात रेडिओत जिग्नेशचा आवाज आला, अगदी शांत, "शुक्राला सोडा. उमेश, तू उतर. बॅनरसमोर. ती लाल लुगड्यावाली."

आणि उमेश उतरला. शुक्राच्या डोळ्यांसमोर त्याने सायकल आडवी केली, झिप वर ओढली, रूपीच्या पायांवर डोकं ठेवलं. एक, दोन, तीन. रूपीला कळेना हात कुठे ठेवायचा, तिने ठेवला त्याच्या हेल्मेटवर. कॅमेरे कडकड वाजले.

शुक्राने रेडिओ कानातून उपटला आणि दोरीवर लटकवला.

डहाणूला तो सगळ्यात शेवटी पोचला. बोर्डी, घोलवड, चिखले, सगळा समुद्राकाठचा रस्ता एकटा, तोंडावर वारा, रागाने रडत, आणि कोणी बघत नाही म्हणून ते न पुसत. किनाऱ्यावर शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीची हवा काढत होते. मेघश्यामची पोरं घशाला कोरड पडून कधीच मागे पडली होती आणि उमेश नववा आला होता. शुक्राला वाटलं, आता जिग्नेश भडकणार, आता आपणही बोलणार. सगळं तयार होतं त्याच्याकडे, रस्ताभर जुळवलेलं.

पण जिग्नेश हसत होता. "बॉस, फोटो काय आलाय! चॅम्पियन आणि आदिवासी माता. तासाभरात नऊ लाख लोकांनी बघितला. नववा आला काय न् नव्वदावा आला काय."

"ती माझी आय नव्हती."

"फॅनला कुठे माहीत आहे?" जिग्नेशने मोबाइलवरून मान वर केली नाही. "तुझं पुढच्या वर्षीचं बघू हां."

शुक्राने जर्सी काढली. घामाने पाण्यासारखी जड झालेली. नाव वर येईल अशी घडी केली, लॅपटॉपवर ठेवली, ओलीच, आणि बनियनवर चालत रिक्षा स्टँडकडे गेला. मागून "अरे लॅपटॉप, लॅपटॉप" ऐकू आलं.

पुढचं वर्ष आलं, फोन आला नाही. तलासरीच्या नाक्यावर मात्र होर्डिंग लागलं, दुमजली घराएवढं. उमेश, रूपी, आणि वर काळी टाकी. रूपीला लोक नाक्यावर थांबवून सेल्फी मागतात, ती शिव्या घालते.

रखमीच्या शिफ्टची इको गाडी हायवेने येते आणि तिला संध्याकाळी त्याच होर्डिंगखाली उतरवते. तिथे शुक्रा जुनी काळी सायकल घेऊन उभा असतो, मागे कॅरिअर, कॅरिअरवर गोणपाट. तो कधी वर बघत नाही. ती रोज बघते.

"तो कडेला निळा ठिपका आहे ना," एक दिवस बसता बसता ती म्हणाली, "तो कोपर माझा आहे. पाणी पिते मी."

"पाय आत घे, आये. चाकात जातील."

तो निघाला. संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटतो तो सरळ तोंडावर येतो, ताडांची झापं मागे वाकतात, समोरून येणारे उडत आल्यासारखे येतात. शुक्राने मान खाली घातली, खांदे पसरले. रखमी मागे बसून तानीचं काहीतरी सांगत होती, हळू आवाजात, ओरडायची गरजच नव्हती. झरीपर्यंत तिच्या पदराचं टोक हललं नाही.