सरांचा दुभाषी

मला घरात आणण्यात सगळ्यांत मोठा फायदा होता तो सरांच्या मुलाचा. सरांच्या संस्कृत शब्दकोशाचे जाडजूड खंड कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर असत आणि स्टुलावर चढून ते काढून देण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने मनाशी हिशेब मांडला. एक टॅब आणला की चढणे-उतरणे वाचेल, फळी रिकामी होईल, शिवाय वडिलांना भेट दिल्याचे श्रेय पदरात पडेल. असा तिहेरी लाभ होऊन मी या घरात आलो. मित्रांनो, आता मी पार जुना झालो आहे. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला आहे आणि पोटात एकच गोष्ट धड उरली आहे, ती म्हणजे तो शब्दकोश.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या अनोळखी बोटांनी मला जोडले, पुसले आणि खोक्यात निजवले. कोश मात्र पोटात आला तो इथेच. "बाबा, आता नेट नसलं तरी अडायचं नाही," मुलगा म्हणाला. "सगळे खंड यात उतरवलेत."

सर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले होते. चष्म्याच्या वरून त्यांनी मला न्याहाळले. "काचेवर बोटं घासून विद्या येते होय रे?" मग माझी परीक्षा सुरू झाली. कुठे कुठे दडून बसलेले शब्द त्यांनी विचारले आणि मी एकेक काढून देत गेलो. शेवटी त्यांनी बायकोला हाक मारली. "अगं, पोरगं हुशार आहे हं!" माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक.

त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणत. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. उभी नोकरी दुसऱ्यांची बोलणी जोडून देण्यात गेली. संस्कृतला त्या सवत म्हणत. "आधी कपाटावर होती, आता उशाशी आली," असे म्हणून त्या माझ्यावर फडके टाकत. राग नव्हता त्यात, पण लोभही नव्हता.

मग एका सकाळी सरांच्या हातातून कप सुटला. उजवा हात गेला आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली. काही आठवड्यांनी शब्द परतले, पण मराठी नाही. जे काही तोंडून येई ते सुटे सुटे संस्कृत. डॉक्टर म्हणाले, "असं होतं कधी कधी. एक भाषा जाते, दुसरी राहते. तुमचं बोलणं त्यांना कळतंय. उत्तर मात्र जे उरलंय त्यातूनच येणार."

घरी आल्यावर वहिनींनी चष्मा लावला आणि मला मांडीवर घेतले. कान एक्स्चेंजचा, ऐकलेले अक्षर सुटत नसे.

"लवण!" सर जेवताना ओरडले.

"ते कळतं मला. लग्न झाल्यापासून तेच ऐकतेय."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मत्कुण." वहिनींनी शब्द टाकला, मी अर्थ दाखवला. ढेकूण. वहिनी माझ्यावरच भडकल्या. "माझ्या घरात ढेकूण? हा कोश चुकलाय!" सरांनी डाव्या हाताने गादीचा कोपरा दाखवला. ढेकूण निघाला. सर इतके हसले की वहिनींनाही हसू आवरेना. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच हसत होते.

त्या दिवसापासून दोघे माझ्या काचेवर डोके टेकवून बोलू लागले. सर शब्द टाकीत, वहिनी अर्थ वाचत आणि वर टोमणा मारत. दोघांनाही दुसरे काही नको होते. मलाही नको होते. कुठल्या टॅबला एवढे मोठे काम मिळते?

वहिनी व्यवहाराच्या पक्क्या. मुलाला म्हणाल्या, "तुझ्याही फोनात टाकून ठेव हा कोश. मी जवळ नसले तर?"

"टाकतो गं आई."

त्याने टाकला नाही. फोनात जागा नव्हती म्हणे. विनोदी व्हिडिओंना मात्र होती.

पुढे सरांच्या छातीत कफ भरला. सकाळीच त्यांना अतिदक्षता विभागात नेले. वहिनी मला छातीशी धरून दारापर्यंत गेल्या. तिथल्या नर्सने अडवले. "काकू, आज आत कुणी यायचं नाही, काही न्यायचंही नाही. फोन नाही, टॅब नाही."

"दुभाष्याला तरी सोडाल ना आत?"

"कुठाय दुभाषी?"

वहिनींनी मला वर उचलून दाखवले. "हा काय! याच्याशिवाय त्यांचं बोलणं तुम्हाला कळायचं नाही."

मागे रांग होती. लोक बघायला लागले. मुलगा कानकोंडा झाला. "आई, तमाशा नको. एका दिवसाचा तर प्रश्न आहे." त्याने मला त्यांच्या हातातून घेतले आणि आपल्या बॅगेत टाकून चेन ओढली. मी अंधारात पडून राहिलो. पूर्ण चार्ज, निकामी.

दिवस मावळायच्या आत सर गेले.

त्यांचा चष्मा आणि कपडे परत देताना तीच नर्स हळूच म्हणाली, "काकू, एक विचारू? प्रावार कोण? दिवसभर तेच नाव घेत होते. आम्हाला वाटलं, मोठा मुलगा असेल. फॉर्मवर नंबर शोधला, तर तसं कुणीच नाही."

वहिनींनी मुलाच्या बॅगेची चेन स्वतः उघडली. उभ्या उभ्या तो शब्द टाकला. मित्रांनो, अर्थ शोधायला मला पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. त्या क्षणी आयुष्यात पहिल्यांदा वाटले, आपण अडकावे, बंद पडावे. पण मी दाखवला. अंगावर घ्यायचे वस्त्र. पांघरूण.

नर्सने तोंडावर हात ठेवला. "आत एसी फार असतो हो," ती म्हणाली.

त्यानंतर वहिनींनी माझ्यात एकही शब्द शोधला नाही. आता मी कपाटाच्या त्याच वरच्या फळीवर आहे. माझे काही नाही, यंत्राचे आयुष्य असतेच केवढे. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणाचे बोलणे तुम्हाला कळत नसेल तर त्याला बडबड म्हणून सोडून देऊ नका. ज्याच्या आधाराने ते माणूस बोलते, तो कान असो, पाटी असो की माझ्यासारखी काच, ते त्या माणसाच्या हाताशी राहू द्या. त्यासाठी दारात भांडावे लागले तर खुशाल भांडा.

आता हिशेब. विभागाचा नियम शाबूत राहिला. मुलाची चारचौघांतली लाज वाचली. त्याची किंमत सरांनी दिवसभर कुडकुडून मोजली. वहिनी अजून मोजत आहेत. ऐन थंडीतही त्या अंगावर काही घेत नाहीत.