पोह्यांच्या प्लेटांची हजेरी

कांचनचा हिशेब सरळ होता. मुलं काय, एका जागी थोडीच बसतात! प्लेटा बसतात, मग प्लेटाच मोजा की. न्यूझीलंडमधल्या रोटोटुनातल्या एका हॉलमध्ये ती शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळायची. सरकार दर मुलामागे पैसे द्यायचं, आणि कांचन रोज पोह्यांच्या रिकाम्या प्लेटा मोजून मुलांचा आकडा कळवायची. त्यात नातवंडांना न्यायला आलेले आजी-आजोबाही खाऊन जातात, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. आल्यागेल्याला उपाशी पाठवायचं? छे!

सरकारच्या मात्र ते ध्यानात आलं. जादा गेलेले पैसे वसूल करायला खात्यातून मेरे नावाच्या बाई आल्या. "किआ ओरा" असा तिथला माओरी नमस्कार करून बसल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "मोठ्यांच्या प्लेटांचे पैसे परत करावे लागतील. हप्ते बांधून देते. पण ते कुठून भरणार, हे आज सांगा. नाहीतर हा प्रोग्राम बंद."

कांचनने हॉलभर बागडणाऱ्या पोरांकडे पाहिलं. नोकरीवाल्या आयांची ही पोरं मग जाणार कुठे?

"आजी-आजोबांकडून घ्या ना थोडे," मेरेबाईंनी सुचवलं.

"खायला घालून पैसे मागू? मेले तरी नाही!" कांचन फणकारली, आणि त्याच फणकाऱ्यात बाईंपुढेही एक प्लेट आदळली. वर खोबरं-कोथिंबीर घालूनच हं! भांडण भांडणाच्या जागी.

बाईंनी पाच डॉलरची नोट पुढे ठेवली. "फुकट खायची मला परवानगी नाही." कांचनने नोट परत सरकवली, तशी बाईंनी प्लेट परत सरकवली. शेवटी पोहे गार होताना बघवेनात, म्हणून कांचनने नोट उचलली. लाजेने तिचे कान लाल झाले.

ते बघून रमणकाका उठले. नातीला न्यायला रोज येणारे हे आजोबा. त्यांनीही पाकीट काढलं.

"काका, तुम्ही तरी नका हो!"

"गप गं! मुलाकडे राहतो, तिथे कोणी मला खिशात हात घालू देत नाही. इथे तू देत नाहीस. फुकटचं खातोय म्हणून इतके दिवस एका प्लेटीवर उठतो मी, अर्धपोटी! हे घे. आणि आता हक्काने सांगतो, दुसरी प्लेट आण. शेंगदाणे जास्त घाल."

मागोमाग आज्यांच्या पर्सा उघडल्या. मेरेबाई खाता खाता हप्ते लिहू लागल्या. कांचन डोळे पुसत आत पळाली आणि तिने आणखी पोहे भिजवायला घेतले.