वरचा ओटा

सुधाने नकाशाच्या चारही कोपऱ्यांवर वाट्या पालथ्या घातल्या, चष्मा लावला आणि वरच्या मजल्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

टेबलाभोवती तिघं होती. नवरा चिंतामणराव, मुलगा मयुरेश आणि सून स्वानंदी. तिघांनीही वाकून पाहिलं, जणू तो चौकोन त्यांनाही आत्ताच दिसत होता.

"चहाचा ओटा असेल," मयुरेश म्हणाला.

मखमलाबाद रस्त्याच्या प्लॉटवर घर बांधायचं ठरून आठ महिने झाले होते. आधी आर्किटेक्ट नकोच, असं चिंतामणरावांचं म्हणणं. गोदाकाठी यात्रेकरूंचे विधी सांगण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याला दिशा काय कुणी शिकवायच्या? त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर स्वतःच घर काढलं. स्वयंपाकघर बरोबर आग्नेयेला बसलं, पण जिना थेट न्हाणीघरात उतरला. मग मयुरेशने मोबाइलवर काढून पाहिलं. त्यात जिना सुटला आणि देवघर हरवलं. शेवटी सगळ्यांनी हात टेकले आणि कॉलेज रोडवर ऑफिस असलेल्या शुभांगीला काम दिलं. एवढ्या गोंधळात एक गोष्ट मात्र कुठल्याच कागदावर बदलली नव्हती. स्वयंपाकघर एकच होतं. हा ओटा शुभांगीच्या नकाशात पहिल्यांदा उगवला.

आणि तो वाढायला लागला. पंधरा दिवसांनी दुसरा नकाशा आला, त्यात ओट्याला सिंक लागलं होतं. तिसऱ्यात गॅसची जागा, धूर ओढणारा पंखा आणि कोपऱ्यात फ्रिज. चहाला कुणी धूर ओढणारा पंखा लावतं का, हे सुधाने विचारलं नाही. नांदगावला तिच्या बहिणीच्या घरी दोन स्वयंपाकघरं झाली, आणि आता एका छपराखाली राहणाऱ्या माणसांची गाठ दिवाळीला पडते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

हे कुणाच्या डोक्यातून निघालं, तेच कळेना. चिंतामणराव म्हणाले, मुलांनी सांगितलं असेल. मयुरेशने स्वानंदीकडे पाहिलं. स्वानंदी म्हणाली, तिला वाटलं आईंनाच हवा आहे. सगळेच कानांवर हात ठेवायला लागल्यावर सुधाला आपणच झोपेत काही बोललो की काय, अशी शंका यायला लागली.

खरं तर तिला एवढंच वाटत होतं, की संध्याकाळचा तास जाऊ नये. स्वानंदी फिजिओथेरपीच्या दवाखान्यातून सातला यायची, पाय धुऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची आणि मेथी निवडता निवडता दिवसभराच्या पेशंटांच्या गमती सांगायची. सकाळभर सुधा चिंतामणरावांकडे विधीला येणाऱ्या यजमानांच्या स्वयंपाकात असे. श्राद्धाची पंधरा पानं, कधी वीस. सोवळ्यातला तो स्वयंपाक एकटीने आणि मुकाट्याने व्हायचा. बोलणं असं दिवसात त्या एका तासातच होई. सून वर शिजवायला लागली की तो तासही संपला.

चौथा नकाशा यायच्या आधीच ती उठली, कुणाला न सांगता रिक्षा करून शुभांगीच्या ऑफिसात गेली. वरचा ओटा काढून टाक, एवढं एकच वाक्य तिने वाटेत तीनदा घोकलं होतं.

शुभांगीने पाणी दिलं आणि कॉम्प्युटरवर घर उघडलं.

"शुभांगी, हा ओटा घालायला तुला सांगितलं कुणी?"

मुलगी जरा घुटमळली.

"काकांनी. पहिल्याच आठवड्यात फोन आला होता त्यांचा."

"ह्यांनी?"

शुभांगी मग सगळंच सांगत सुटली. काका म्हणाले होते, की नव्या घरी जागा आहे, तर यजमानांची सोय वाढवू. खालच्या स्वयंपाकघरात पन्नास पानांचा स्वयंपाक झाला पाहिजे. दोन मोठे ओटे, भांडी घासायला मागे मोरी. आणि एवढा राबता असला की सोवळ्याचा घोळ नको, म्हणून मुलांचं खाणंपिणं वर. काकूंना अचानक दाखवायचं, म्हणून बोलू नका, असंही म्हणाले होते.

सुधाने खालचं स्वयंपाकघर पाहिलं. इतके दिवस ती वरच्या चौकोनाकडे बघत राहिली होती, आणि खाली ते कधी एवढं ऐसपैस झालं, हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. पन्नास पानं. तिला राग आला असता तर बरं झालं असतं, पण आधी नुसतं गोंधळल्यासारखं झालं. नवऱ्याने हे कौतुकानेच केलं असणार, याची तिला खात्री होती. जे काढून टाकायला आलो, तेच आता काढू नये असं का वाटतंय, हेही तिला नीट सांगता आलं नसतं.

"काय करू मग, काकू? काढू का वरचा?"

सुधाने पडद्याजवळ सरकून वरचा ओटा पुन्हा पाहिला. शुभांगीने मापं सांगायला सुरुवात केली.

"तशी वरच्या ओट्याची उंची मी चौतीस इंच धरली आहे. स्वानंदीताई उंच आहेत ना, त्यांच्या मापाने."

सुधा उठली. भिंतीशी जाऊन ताठ उभी राहिली, हात कोपरात दुमडला आणि पोळी लाटावी तसा पुढे धरला.

"माप बरं."

शुभांगीने टेप लावली. सुधाच्या कोपरापासून जरा खाली, जिथे ओटा यायला हवा, तिथे बोट ठेवलं.

"तीस."

"मग तीसच कर. स्वानंदी वाकून करेल कधीमधी, तिला व्यायाम माहीत आहेत."

शुभांगीने आकडा बदलला. मग कर्सर खालच्या मजल्यावर नेऊन थांबली.

"आणि खालचे दोन ओटे?"

"ह्यांना फोन कर," सुधा म्हणाली. "त्यांची उंची विचारून घे."

तिने पर्स उचलली आणि पुढचा नकाशा कधी मिळेल, ते विचारलं.