आंदोनीचा पुलास्की

मित्रांनो, मी एक जुना पुलास्की आहे. नाव ऐकून बिचकू नका. एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला रुंद टिकाव आणि मधून आरपार दांडा, एवढेच माझे शरीर. डोंगरात वणवा पेटला की तुकडीतली माणसे मला हातात घेऊन निघतात. खांद्यावर टाकत नाहीत, कारण मागून येणाऱ्याला आपले डोके प्यारे असते. माझ्या कुऱ्हाडीने मुळे तोडायची आणि टिकावाने गवत, पालापाचोळा खरवडून खालची माती उघडी करायची. अशी जाळरेषा पुढे आली की वणव्याला खायला काही उरत नाही आणि तो तिथेच थांबतो. पाण्याचे बंब जिथे पोचत नाहीत तिथे आम्ही पोचतो.

माझा दांडा आजवर दोनदा बदलला. पाते मात्र तेच आहे आणि मनातला रागही तोच. जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की बहुधा गोड बोलतात, सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. माझ्याकडून तशी आशा ठेवू नका.

भट्टीत तापून, घणाखाली ठोकला जाऊन आणि पाणी पिऊन मी तयार झालो. मग पेटीत बसून आयडाहोच्या डोंगरातल्या एका तुकडीकडे आलो. पेटी उघडली ती आंदोनी उरियार्तेने. मेंढ्या राखायला समुद्रापलीकडून आलेल्या बास्क माणसांचा तो नातू. त्याने पेटीतला एकेक पुलास्की हातात तोलून पाहिला आणि मला उचलले. त्याच संध्याकाळी माझ्या पात्याच्या कडेला त्याने कानशीने तीन बारीक रेघा ओढल्या, म्हणजे दुसरे कोणी मला पळवू नये. रोज काम संपले की तो मला धार लावी आणि दांड्याला जवसाचे तेल चोळी. सोबती थट्टा करायचे. तो म्हणायचा, "तुम्हाला विसरलो तर तुम्ही शिव्या तरी द्याल. हा बिचारा काय बोलणार?"

आता बोलतोय, आंदोनी.

आमचा म्होरक्या होता हॉयट क्रॅडॉक. आवाज मोठा, छाती त्याहून मोठी. क्रॅडॉकची तुकडी सगळ्यांच्या आधी वणवा आटोक्यात आणते, असा त्याचा चहूकडे बोलबाला होता. कौतुक झाले की ते आमच्याही वाट्याला यायचे. खोटे कशाला सांगू, मलाही ते आवडायचे.

पण वणवा थांबला म्हणजे विझला असे नाही. राखेखाली मुळे कितीतरी दिवस धुमसत राहतात. म्हणून शेवटी सगळी तुकडी एका ओळीत गुडघ्यांवर बसते, हातमोजे काढते आणि हाताची मागची बाजू राखेवरून फिरवत पुढे सरकते. ज्याला धग लागेल त्याने ओरडायचे, "गरम!" मग सारी ओळ थांबते. ती जागा खणायची, पाणी ओतून कालवायची आणि गार झाल्यावरच पुढे सरकायचे. कंटाळवाणे काम आहे. एका हाकेने तास जातो. पण ती हाक द्यायचीच, हा आमच्यातला सगळ्यात जुना नियम.

त्या दिवशी खाली तळावर वर्तमानपत्राची माणसे फोटो काढायला आली होती. क्रॅडॉकला धीर धरवत नव्हता. ओळीच्या वरच्या टोकाला आंदोनी आणि मी होतो, खालच्या टोकाला खुद्द क्रॅडॉक. आंदोनीने दोनदा "गरम!" म्हणून ओळ थांबवली, तेव्हा खालून क्रॅडॉक ओरडला, "अरे, विस्तव शोधतोयस की सोनं?" त्याच्या टोकाकडून हाक आलीच नाही. उतार गार झाला असे त्याने जाहीर केले, मोजे चढवले आणि सगळे खाली गेले. फोटो छान आला म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. आंदोनी आणि मी त्याच उतारावर राहिलेले सामान गोळा करत होतो. खालच्या टोकाचे एक मूळ पेटले आणि आग उताराने वर धावली. आंदोनीने मला फेकून दिले आणि तो पळाला. त्याचे बरोबरच होते. जीव वाचवायचा तर अवजार टाकायचे, असेच शिकवतात. पण तो माथ्यापर्यंत पोचला नाही.

माझा दांडा जळून गेला. पात्याचे पाणी उतरले. राखेतून मला उचलले ते आंदोनीच्या धाकट्या बहिणीने, मिरेनने. तुकडीतले तिचे ते पहिलेच वर्ष होते. तिने मला सदऱ्याने पुसले तेव्हा ती रडत नव्हती. दात आवळून बसली होती.

मग चौकशी झाली. क्रॅडॉकने हात झटकले. म्हणाला, "खालचं टोक मी आंदोनीला एकट्याने परत तपासायला सांगितलं होतं. पोरगा गेला, वाईट झालं. पण त्याने ते नीट बघितलं नाही." मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडायला काय जाते? तो थोडाच उठून बोलणार होता! मी दिवसभर आंदोनीच्या हातात होतो. त्याला कोणी काहीही सांगितले नव्हते. पण पुलास्कीची साक्ष कोण काढतो?

आंदोनीची आई बेगोन्या दर रविवारी बास्क लोकांच्या सभागृहात पत्ते खेळायला जायची. तिथे एक बाई कळवळून म्हणाली, "आपल्याच हलगर्जीपणाने गेला गं पोरगा." त्या दिवसापासून बेगोन्याने सभागृहाची पायरी चढली नाही.

मिरेनने मला लोहाराकडे नेऊन पुन्हा पाणी दिले आणि नवा दांडा बसवला. हिवाळ्यात मी खोपटात पडून राहायचो. एका हिवाळ्यात घामाच्या खारटपणाला चटावलेल्या साळिंदराने तो दांडा कुरतडून टाकला. पहिला दांडा वणव्याने खाल्ला, दुसरा साळिंदराने. मिरेनने तिसरा बसवला. कानस फिरवताना ती क्रॅडॉकचे नाव घेत नसे, पण तिच्या हातातून मला ते कळायचे. मी मनात म्हणायचो, मला फक्त एकदा त्याच्या नडगीजवळ ने.

वर्षे गेली. मिरेन तुकडीची म्होरकी झाली. क्रॅडॉक निवृत्त झाला आणि डोंगरात ओढ्याच्या वर लाकडी घर बांधून राहू लागला. भिंतीपर्यंत वाळके गवत आणि ओसरीवर सरपणाची रास. घराभोवतीचे गवत काढा, सरपण लांब ठेवा, असे जन्मभर दुसऱ्यांना शिकवले, स्वतःच्या दारात मात्र अंधार.

गेल्या उन्हाळ्यात त्या डोंगराला वणवा लागला आणि आमची तुकडी तिथेच पाठवली गेली. क्रॅडॉकला आधीच खाली हलवले होते. जाळरेषा कुठून न्यायची हे म्होरक्या ठरवतो. पुढे जाऊन झाडांना गुलाबी फीत बांधत जायचे, मागून तुकडी खणत येते. वणवा खालून वर येत होता आणि मिरेनने फीत बांधायला सुरुवात केली ती घराच्या वरून. म्हणजे घर वणव्याच्या घशात. माझ्या पात्यातून आनंदाची शिरशिरी गेली.

तुकडीतला तिचा जुना सोबती डेल मागून आला. त्याने फितीकडे पाहिले, घराकडे पाहिले.

"बॉस, खालून ओढ्याकाठाने गेलो तर घर वाचतं. खणायचं तेवढंच आहे."

"मला दिसतंय."

"मलाही दिसतंय. घर कोणाचं आहे तेही."

मिरेनने एकदा घराकडे पाहिले. मग तिने फीत ओरबाडून काढली. मी मनातल्या मनात ओरडलो, अगं, काय करतेस!

"घर जळालं तर म्हातारा बिचारा होईल," ती म्हणाली. "गाव त्याला जेवण पोचवेल, वर्गणी काढेल. मला तो बिचारा झालेला नकोय, डेल."

आम्ही ओढ्याकाठाने खणले. वणवा रेषेपर्यंत आला आणि थांबला. त्याचे थोडे निखारे मात्र रेषा ओलांडून क्रॅडॉकच्या अंगणात पडले आणि सरपणाशेजारची जमीन जळाली. घर शाबूत राहिले.

दोन दिवसांनी क्रॅडॉक गाडी घेऊन हजर. "शाबास पोरी! शेवटी माझ्याच तालमीतली तू!"

"क्रॅडॉकसाहेब, घरात जायचंय ना?"

"जायचंय म्हणजे? गाडीत झोपून पाठ मोडली माझी."

"जमीन गार झाल्याशिवाय कोणी जायचं नाही. तुम्हीच शिकवलंत. चला, ओळीत बसा. खालच्या टोकाला."

"मी? अगं, गुडघे गेलेत माझे."

"गुडघे गेले तर गेले," डेल म्हणाला. "हात तर आहेत ना?"

सगळी तुकडी बघत होती. क्रॅडॉक कण्हत खाली बसला आणि हात फिरवत सरकू लागला. मिरेन मला घेऊन त्याच्या मागे उभी होती. सरपणाजवळच्या एका खुंटापाशी त्याचा हात एकदम मागे आला. त्याने आजूबाजूला पाहिले. मग हात जरा बाजूला टेकवला आणि तो पुढे सरकला. चकार शब्द काढला नाही.

मिरेन वाकली. आपला उघडा हात तिने त्या खुंटापाशी धरला.

"गरम!"

ओळ थांबली. सगळ्यांचे चेहरे वळले.

"हाताला धग लागली होती ना?" मिरेनने विचारले.

"कोमट होतं गं. जरासं."

"मग ओरडला का नाहीत?"

"संपत आलं होतं. घरी जायचं होतं."

"आणि त्या दिवशी?"

क्रॅडॉकने वर पाहिले. त्याच्या डोळ्यांसमोर मीच होतो. माझ्या पात्यावरच्या तीन रेघा त्याला दिसल्या आणि त्याने त्या ओळखल्या. त्याचा मोठा आवाज कुठे गेला कोण जाणे.

"त्या दिवशीही धग लागली होती," तो म्हणाला. "खालच्या टोकाला मीच होतो. फोटोवाले खोळंबले होते."

"आंदोनीला परत बघायला सांगितलं होतं?"

"नाही. कोणालाच नाही."

मित्रांनो, इतकी वर्षे मला वाटत होते की या माणसाने घाईत नीट पाहिले नाही. त्याला धग कळली होती! कळूनही तो गप्प बसला होता.

मिरेनने मला त्याच्या हातात दिले. "खणा."

याच दिवसासाठी मी धार सांभाळली होती. त्याची नडगी समोर होती. जरासा निसटलो असतो तरी काम झाले असते. पण मग लोकांनी त्याला उचलून दवाखान्यात नेले असते आणि तो बिचारा ठरला असता. तेवढे मी मिरेनकडून शिकलो होतो. म्हणून मी नीट चाललो. फक्त होईल तेवढा जड झालो. धुमसते मूळ बाहेर निघेपर्यंत तो खणत राहिला आणि कोणीही त्याला पाणी विचारले नाही.

राखेने माखलेल्या तशाच अवतारात मिरेनने त्याला गाडीत घातले आणि आईच्या दारात उभे केले. मी मागच्या हौद्यात होतो, मला सगळे दिसत होते. बेगोन्याबाईंच्या हातात पळी होती, चुलीवर तांबड्या घेवड्याचे भांडे शिजत होते. क्रॅडॉकने उंबऱ्याबाहेरून सगळे सांगितले. बाईंनी त्याला आत ये म्हटले नाही. त्याचा हात तेवढा हातात घेतला आणि उलटा करून पाहिला. घेवड्याच्या दाण्याएवढा फोड आला होता.

"एवढंच भाजलं?" त्यांनी विचारले आणि त्या आत जाऊन घेवडा ढवळू लागल्या.

पुढच्या रविवारी त्या सभागृहात गेल्या. क्रॅडॉकलाही बोलावून घेतले. त्याने सर्वांसमोर तेच पुन्हा सांगेपर्यंत त्यांनी कोणाला पत्ते वाटू दिले नाहीत.

माझा राग गेलेला नाही. खोटे कशाला बोलू? पण आंदोनीचे नाव धुऊन निघाले आहे आणि मिरेन हल्ली मला धार लावताना शीळ घालते.

तेव्हा मित्रांनो, आपल्या अवजारांना तेल द्या, त्यांना गंज चढू देऊ नका. आणि आग विझली असे म्हणण्याआधी तिथे उघडा हात फिरवून बघा. धग लागली तर ओरडा, मग घरी जायची कितीही घाई असो. गप्प बसलात, तर कुठल्यातरी खोपटात एखादा पुलास्की तुमच्यासाठी धार सांभाळून बसलेला असेल. आम्हाला वाट बघायचा कंटाळा येत नाही.