मावशींचं शिळं पाणी

"मावशी, फत्ते! एकसुद्धा अंडं फुटलं नाही!" मायक्रोस्कोपवरून डॉक्टरांनी डोळा उचलला तो हसतच.

मावशी चाळण्या घासत होत्या. बावीस वर्षं त्या प्रयोगशाळेत त्यांचं हेच काम. मेंढ्यांच्या लेंड्या चाळणीत धुवायच्या आणि लिव्हर फ्लूकची, म्हणजे मेंढीचं यकृत पोखरणाऱ्या चपट्या किड्याची, अंडी वेगळी काढायची. दोन आठवडे ती अंधाऱ्या पेटीत राहायची, मग एकदम दिव्याखाली. उजेड दिसला की जिवंत अंडी फुटतात आणि आतले जीव बाहेर पडतात म्हणे! नव्या औषधानं ती मरतात का, एवढंच आता बघायचं होतं.

"आणि औषध न पाजलेल्या मेंढ्यांची?"

"ती नंतर. दुपारी साहेबांना अहवाल द्यायचाय."

"आधी बघा."

डॉक्टरांनी दुसरी बशी सरकवली. बघता बघता त्यांचं हसू मावळलं.

"हीपण मेलीत."

"घ्या! औषध न पिताच मेली, मग तुमच्या औषधानं काय दिवे लावले? मी तापानं घरी होते तेव्हा धुतली कुणी?"

"मीच. नळाखाली. दहा मिनिटांत उरकलं."

"नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, त्यानंच मेली. रात्रभर उघडं ठेवलं की ते उडून जातं. कोपऱ्यातली ती बादली काय मी पाय धुवायला आदल्या दिवशी भरून उघडी ठेवते?"

त्याच बादलीला डॉक्टर 'मावशींचं शिळं पाणी' म्हणून हसायचे. आता त्यांनी आवाज खाली आणला. "मावशी, माझी बढती अडकलीय यात. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

डॉक्टरांनी दोन्ही बशा बाजूला सारल्या. मग त्यांनी फोन उचलला. "साहेब, अहवाल आज नाही. चूक झाली. माझीच."

सगळं पहिल्यापासून झालं, शिळ्या पाण्यात. तीन आठवड्यांनी दिवा लागला. औषधवाल्या बशीत बहुतेक अंडी गपगार. दुसरीत मात्र नुसती झुंबड!

"मावशी, या. बघा."

बावीस वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. मावशींनी हात दोनदा पुसले, चष्मा काढला, डोळा लावला. इवलेइवले केसाळ जीव सुसाट पोहत होते.

"अगं बाई! केवढी घाई यांना!"

किती वेळ गेला कोण जाणे. त्यांनी मान वर केली तेव्हा डॉक्टर बाह्या सावरून नळापाशी उभे होते. बादली काठोकाठ भरेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.