रिकाम्या मनगटातून वजा एक

थायलंडमधल्या प्राणबुरीची लामयाई चौथीपर्यंत शिकलेली. पस्तीस वर्षांत ती शून्याच्या खाली कधी उतरलीच नव्हती. पण गोल्फच्या मैदानावर खेळणाऱ्याची पिशवी वाहणाऱ्या, फटके मोजणाऱ्या कॅडीची नोकरी हवी, तर उतरावंच लागतं. प्रत्येक खड्ड्याला फटके ठरलेले. कमी लागले तर वजा, जास्त लागले तर अधिक, आणि वजावाला भारी! हा उफराटा न्याय तिच्या गळी उतरेना. आज नऊ खड्ड्यांची परीक्षा होती. बेरीज चुकली, की परत अननसाच्या मळ्यात पाठ मोडून घ्यायची.

मुख्य कॅडी साईपिन. तिला साऱ्याजणी थोरल्या बहिणीच्या मानानं 'पी' म्हणत. तिनं युक्ती दिली होती, "वजाला लाल रबरबँड, अधिकला हिरवं. दोन्ही मनगटावर भेटली, की जोडी खिशात. नवराबायको भांडत बाहेर गेले, घर शांत!"

आठव्या खड्ड्यानंतर लामयाईचं मनगट रिकामं होतं, म्हणजे शून्य. कागदावर आपला हिशोब लिहीत साईपिन पुढं गेली होती. तेवढ्यात खेळणारे म्हातारे न्यायाधीश, प्रमोत साहेब, थबकले.

"अगं, तिसऱ्या खड्ड्याचं वजा काढून टाक. गवतात एक फटका वाया गेला होता. मी बोललोच नाही."

लामयाईनं मनगटाकडे पाहिलं. लाल रबर तर केव्हाच खिशात गेलेलं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? राहू दे शून्य, असंही मनात आलं. मग तिनं खिशातलं एक भांडखोर जोडपं पुन्हा मनगटावर चढवलं. शून्याचं शून्यच. आता लाल होतं, ते काढलं. हिरवं उरलं. वजा काढलं की वाढतं? तिचा स्वतःवरच विश्वास बसेना.

नववा खड्डा ठरल्या फटक्यांत झाला.

"शून्य ना?" साईपिननं विचारलं.

लामयाईनं हिरवं रबर पुढं धरलं. "नाही, पी. अधिक एक."

"शहाणी आहेस! मी शून्य लिहिलंय."

साहेबांनी बोटांवर सारे फटके मोजले. "सदतीस. ठरलेले छत्तीस. बाई बरोबर आहे, साईपिन, माझीच लबाडी होती."

 लामयाई मटकन तिथंच बसली, हसू आणि रडू एकदमच फुटलं.

"अगं ऊठ!" साईपिन ओरडली. "आमच्या कॅडींनी हिरवळीवर बसायचं नसतं!"